शेवटच्या भागातला बाप पटत नाही

सालातिगा, मंगळवार

घरात ज्यांचं कोणी ऐकत नाही अशा तमाम वडीलधाऱ्या बंधूंनो,

(म्हणजे तुम्ही आणि मी. सभा लहान असली तरी भाषण सुरू करायची माझी पद्धत हीच. छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यावर ती आता सुटायची नाही.) आपली तक्रार एकच आहे. आपण घसा कोरडा होईपर्यंत सांगतो, समोरचा मान डोलावतो, आणि उठून स्वतःच्या मनाचं करतो. तुमच्या बाबतीत हे तुमच्या लेकीनं, विदुरीनं केलं. माझ्या बाबतीत ते माझी बायको निंग्रुम, माझे जुने विद्यार्थी आणि गल्लीतले चाळीस उंबरे रोज करतात. तेव्हा आपण दोघं एकाच पक्षाचे आहोत हे आधी ध्यानात घ्या, म्हणजे पुढचं वाचताना मला विरोधकांत ढकलणार नाही.

आदरणीय थोरले बंधू मास हार्तोयो, अस्सलामू अलैकुम. इथं आम्ही सगळे ठीक आहोत आणि तिकडे मादियुनला तुमचीही प्रकृती ठीक असावी अशी दुवा करतो. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलंय आणि तुम्ही चालत नाही, हे मला इथं बसून दिसतं. निंग्रुमनं सलाम सांगितलाय आणि सोबत शेंगदाण्याच्या वड्या पाठवल्यात (डाव्या दाढेनं खा, उजवी गेली ना). फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. मास, मी फोनवर विदुरीचं नाव घेतलं की तुमच्या दारात त्याच क्षणी कोणीतरी येतं आणि तुम्हाला फोन ठेवावा लागतो. गेल्या चौदा महिन्यांत तुमच्याकडे इतकी माणसं आली, की तुम्ही निवडणुकीला उभं राहायला हवं होतं. पत्राचं तसं नाही. रागानं फडताळात टाकलं तरी ते तिथं वाट बघत बसतं.

तुमचा राग मला मान्य आहे, हे आधीच लिहून टाकतो. मुलगी सरकारी नोकरीच्या परीक्षेत हजारोंमधून निवडली गेली, जमीन कार्यालयात खुर्ची मिळाली, तुम्ही साठ घरांना जेवण घातलंत, पिवळ्या भाताचा डोंगर स्वतःच्या हातानं कापलात. आणि पाच महिन्यांनी ती राजीनामा देऊन बॅगेसकट माझ्या दारात उभी राहिली. कशासाठी, तर इंटरनेटवर दाखवायची मालिका लिहायला. साठ घरांनी खाल्लेला भात परत मागता येत नाही, हे तुमचं दुःख मी जाणतो. तुम्ही तेव्हा म्हणालात, "तिला सांग, बाप आहे हे विसर म्हणावं." मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासायला बसली. भांडी सकाळीच घासलेली होती.

आता आजची परिस्थिती. मालिका सहा भागांची आहे. पहिले तीन भाग तिनं आणि तिच्या चार मित्रमैत्रिणींनी चित्रित केले. जकार्तातल्या एका कंपनीनं ते पाहिले आणि सांगितलं, की महिनाअखेर सगळे भाग हातात पडले तर आम्ही मालिका दाखवू. चौथा झाला, पाचवा झाला. सहावा अडलाय. रविवारी कॅमेरा येणार आहे, आणि आज मंगळवार आहे. सहावा भाग झाला तर तुमची मुलगी लेखिका होईल. नाही झाला तर ती जन्मभर 'जमीन कार्यालय सोडून गेलेली ती' म्हणून ओळखली जाईल, आणि हे लोक किती चोख लक्षात ठेवतात ते तुम्हाला सांगायला नको.

तो का अडलाय हे सांगण्याआधी माझं मत ऐका. मी आयुष्यभर वाचत आलो. रशियन वाचले, फ्रेंच वाचले, आपल्याकडचे जुने राजवंशांचे बखरकार वाचले, तुमच्या लग्नात आहेर आलेला ज्ञानकोश तुम्ही परत मागेपर्यंत निम्मा वाचला. या सगळ्यावरून माझी खात्री झाली आहे, की जो लेखक 'चालतंय हो, गोष्टच तर आहे' असं म्हणतो, तो जनतेचा गुन्हेगार आहे. दिवसभर राबून आलेला माणूस चटईवर टेकतो, तुमची गोष्ट बघायला डोळे उघडे ठेवतो, आणि तुम्ही त्याला मूर्ख समजून काहीही दाखवता? खरं घडलेलं सांगायला एक साक्षीदार पुरतो. रचलेलं सांगायला सगळी गल्ली साक्षीला उभी करावी लागते. असं मी विदुरीपुढे चाळीस मिनिटं बोललो. शेवटी ती म्हणाली, "लिक, मग गल्लीच बोलवा ना." ('लिक' या दोन अक्षरांत तिला धाकट्या काकाचा मान आणि त्याची कीव दोन्ही बसवता येतात. हे तिनं तुमच्याकडून उचललंय.)

म्हणून दर गुरुवारी दुपारी आमच्या ओसरीवर वाचन सुरू झालं. विदुरी वाचते, गल्ली ऐकते, आणि जिथं पटत नाही तिथं माणसं बोट वर न करता बोलतात. पहिल्याच गुरुवारी दुसऱ्या भागातला खलनायक ब्रोतो कोसळला. कथेनुसार हा ब्रोतो आमच्यासारख्याच एका गल्लीत भाड्याच्या खोलीत तीन महिने लपून राहतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. आमचे गल्लीप्रमुख पाक मुजिओनो चहाचा पेला खाली ठेवून अतिशय शांतपणे म्हणाले, "तीन महिने? आणि मी काय करत होतो?" पाहुणा आला तर चोवीस तासांत प्रमुखाच्या वहीत नोंद व्हायला हवी, हा नियम प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पाटीवर लिहिलेला असतो. (ती वही चिटणीस या नात्यानं माझ्याकडेच असते.) मी विदुरीची बाजू घेतली. म्हणालो, माणूस जिद्दीचा असेल तर लपू शकतो. मुजिओनो मला म्हणाले, "पाक गुरू, तुम्ही लपून दाखवा."

मास, मी तत्त्वाचा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या नमाजानंतर मी दोन पुस्तकं आणि उकडलेला कसावा घेऊन गल्लीच्या टोकाच्या रिकाम्या घरात मागच्या दारानं शिरलो. तीन दिवस राहायचा बेत होता. फक्त निंग्रुमला आणि विदुरीला माहीत होतं. यात मी एकच चूक केली: निंग्रुमला खोटं बोलता येत नाही, हे चाळीस वर्षांच्या संसारानंतर विसरलो. सव्वासातला मी बू तुमिनाच्या टपरीवर सोतोचं गरम सार प्यायला गेलो नाही. गेली एकोणीस वर्षं मी सव्वासातला तिथं असतो. साडेसातला बू तुमिना हात पुसत आमच्या दारात. "पाक गुरू कुठायत?" निंग्रुम म्हणाली, "बाहेर गेलेत." "कुठं बाहेर?" निंग्रुम गडबडली आणि म्हणाली, "त्यांना बरं नाहीये." बाहेर गेलेत आणि बरं नाहीये, या दोन वाक्यांची बेरीज आमच्या गल्लीत एकच होते: हॉस्पिटल. नऊ वाजेपर्यंत भाड्याचा टेम्पो दाराशी उभा होता आणि त्यात बावीस माणसं, सहा पाव, चार किलो साखर आणि संत्र्यांची करंडी चढली होती.

हॉस्पिटलात त्यांनी माझं नाव घेऊन विचारलं, कार्सोनो कुठं आहेत? तिथं खरंच एक कार्सोनो होते. डोंगरापलीकडच्या गावचे, हर्नियाचे, वय ब्याऐंशी. हे आपले कार्सोनो नव्हेत हे दारातच कळलं. पण बावीस माणसं दारात उभी, म्हातारा उठून बसायचा प्रयत्न करतोय, अशा वेळी 'चुकलं हो' म्हणून माघारी फिरणं कोणाला जमणार? सगळे आत गेले. पलंगाभोवती उभे राहिले. दुवा मागितली. पाव, साखर, संत्री उशाशी ठेवली. बू तुमिनानं त्यांचे पाय चेपले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तो म्हणाला, "तुम्ही कोण ते आठवत नाही, पण फार बरं वाटलं." (त्यांना आता घरी सोडलंय. आम्ही परत एकदा जाऊन आलो. या वेळी मीही होतो.)

इकडे दुपारी दोन वाजता रिकाम्या घराचं मागचं दार वाजलं. केळीच्या पानानं झाकलेली थाळी घेऊन मुजिओनो उभे होते. भात, तळलेलं तेंपे, फणसाची भाजी. म्हणाले, "जेवून घ्या. आणि ही नोंद करा. वही तुमच्याकडे असते, म्हणून मी सुटा कागद आणलाय." मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? "सकाळी सहाला. तुम्ही शिंकलात ना." मग ती माणसं हॉस्पिटलात का जाऊ दिलीत? मुजिओनोंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू इतिहास शिकवणाऱ्याला एवढंही कळू नये. "टेम्पो ठरला होता, पाक गुरू. ठरलेला टेम्पो परत पाठवणं बरं दिसतं का?"

तर असं. जास्तीत जास्त आठ तास, आणि तेही शिंक आली नाही तर. पण विदुरीनं त्या दिवशी हसून हसून डोळे पुसले आणि रात्रीच्या जेवणाआधी ब्रोतो दुरुस्त केला. आता तो लपत नाही. उजळ माथ्यानं गल्लीत येतो, वहीत नोंद करतो, प्रत्येक श्रमदानाला सगळ्यात आधी कुदळ घेऊन हजर असतो, आणि तिसऱ्या महिन्यात स्वातंत्र्यदिन समितीचा अध्यक्ष होतो. तो तीन महिने दडून राहिला हे एकालाही पटत नव्हतं. तीन महिन्यांत अध्यक्ष झाला हे एकमतानं पटलं. मुजिओनो तर म्हणाले की हा माणूस त्यांच्या ओळखीचा आहे. हॉस्पिटलच्या प्रसंगाचंही तसंच झालं. कथेची नायिका लारास पाचव्या भागात बेशुद्ध पडते, आणि नायक तिच्या उशाशी एकांतात बसून मनातलं बोलतो, असं लिहिलं होतं. बू तुमिना म्हणाली, "एकांत? शेजारीपाजारी मेले होते काय गं?" आता तिथं चटया अंथरून अकरा बायका बसल्यात, नायकाला खोलीत शिरायलाच जागा नाही, आणि शेवटी तो मनातलं सगळं त्या अकराजणींपुढे बोलतो. चित्रीकरणाच्या वेळी त्या अकराजणी खरंच रडल्या. चार पाव संपले.

एवढं सगळं जमलं, आणि सहाव्या भागात बाप आला.

लारास घर सोडून आलेली आहे. बाप तिच्याशी दोन वर्षं बोललेला नाही. (मी हे सुचवलं नव्हतं, मास. मी एक शब्दही सुचवला नव्हता.) शेवटी तो दारात येतो. विदुरीनं आधी लिहिलं होतं, की बाप दारात उभा राहून हात जोडतो आणि म्हणतो, पोरी, मला माफ कर, तुझं स्वप्न मला कळलं नाही. वाचन थांबलं. मग बू तुमिना म्हणाली, "हा कोणाचा बाप म्हणे? माझा तर नव्हता." सगळे हसले, विदुरीही हसली आणि तिनं ती ओळ खोडली. पुढच्या गुरुवारी बापानं पत्र लिहिलं. मुजिओनो म्हणाले, "बाप पत्र लिहीत नाही. पत्र काका लिहितात." (यावर गल्ली नको तितकी हसली.) मग कोणीतरी म्हणालं, बाप मरू दे आणि त्याच्या पेटीत मुलीचे सगळे फोटो सापडू देत. मास, हे मात्र झटकन सगळ्यांना पटलं. माना हलल्या. एकदोघींनी पदरानं नाकही पुसलं. विदुरीनं पेन्सिल खाली ठेवली. "मारायचा नाही," ती म्हणाली. "काही झालं तरी मारायचा नाही." आणि उठून पाणी आणायला गेली. पाण्याचा तांब्या तिथं समोरच होता.

ती गेल्यावर बू तुमिना हळूच म्हणाली, "येऊ दे त्याला. पण भेटायला नको. बाप भेटायला येत नसतो. बाप कामाला येतो." आणि तिनं सांगितलं, की ती पळून जाऊन लग्न केल्यावर तिचा बाप दोन वर्षांनी आला तो थेट शिडी लावून छपरावर चढला. म्हणाला, कौलं बघायला आलोय. दुपारभर वर होता. उतरला, जेवला, गेला. "कौलं एकदम चांगली होती," ती म्हणाली. "आदल्याच महिन्यात घातलेली." मग मुजिओनोंना आठवलं, की त्यांचे वडील भांडणानंतर अकरा किलोमीटर चालत करवत परत करायला आले होते. करवत मुजिओनोंची नव्हती. मुजिओनोंनी ती ठेवून घेतली, अजून आहे. त्या दुपारी एकेका घरातला बाप बाहेर निघाला: कोणाचा खत विचारायला आलेला, कोणाचा चुकीच्या बसमध्ये बसून आलेला. मी भाषण केलं नाही, मास.

विदुरी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "याला होला पक्ष्यांचा नाद आहे असं करू. गाणाऱ्या होल्यांची स्पर्धा असते ना, तिच्यासाठी येतो. पिंजरा घेऊन. जाता जाता डोकावतो." आणि तिथंच बसून तिनं प्रसंग लिहून काढला. बाप दारात, हातात कापडानं झाकलेला पिंजरा. म्हणतो, "बसला गर्दी फार होती." लारास म्हणते, "पाणी देऊ?" बाप म्हणतो, "पक्ष्याला दे आधी." एवढंच. मास, मी थोरामोठ्यांचं इतकं वाचलंय, पण बाप आणि मुलगी यांच्यावर यापेक्षा चांगल्या तीन ओळी मी वाचलेल्या नाहीत, आणि हे मी काका म्हणून म्हणत नाही. गल्लीला पटलं. बू तुमिना 'हां' म्हणाली, आणि तिचा 'हां' म्हणजे सर्वोच्च न्यायालय.

पटलं नाही ते एकटीला. तुमच्या मुलीला. काल ती मला म्हणाली, "लिक, लिहिलंय छान, पण खोटं आहे. असा बाप कारण काढूनसुद्धा येत नाही. मला माहीत आहे." मी तासभर तिला समजावलं. कथेतलं सत्य आणि जगातलं सत्य यांवर बोललो, टेबलावर मूठ आपटली, चहा सांडला. तिनं तो पुसला आणि म्हणाली, ज्यावर माझाच विश्वास नाही ते मी रविवारी दुसऱ्यांना दाखवणार नाही, कॅमेरावाल्यांना नाही सांगते. बघा, माझंच तत्त्व माझ्यावर उलटलं. आणि ते तत्त्व तिच्यात आलं कुठून? परीक्षेच्या अर्जात वडिलांचं उत्पन्न एका आकड्यानं चुकलं म्हणून सगळा अर्ज फाडून तिला पुन्हा लिहायला लावणारा माणूस मादियुनला राहतो.

असो. मी काही मागत नाही. खुशाली कळवावी, एवढ्यासाठी हे पत्र. गुडघ्याला गरम तेल लावत जा. सगळ्यांचा सलाम.

तुमचा धाकटा भाऊ,
कार्सोनो

ता. क. जाता जाता एक सांगायचं राहिलं. येत्या रविवारी सालातिगात गाणाऱ्या होल्यांची मोठी स्पर्धा आहे असं ऐकतो. तुमचा होला राडेन हल्ली कसा गातो? सहज विचारलं.

ता. क. दुसरा. निंग्रुमनं पत्र वाचलं आणि म्हणाली, "अहो, मास हार्तोयोंना जावामधली प्रत्येक स्पर्धा परीक्षकांच्या नावासकट पाठ असते. रविवारी इथं काही नाही हे त्यांना पहिल्या ओळीत कळेल." खरं आहे. स्पर्धा नाही. मी रचली. चाळीस मिनिटं जनतेच्या गुन्हेगारांवर बोललेला माणूस मी, आणि माझ्याच कथेला एवढं मोठं भोक. माफ करा.

ता. क. तिसरा, बुधवार दुपार. पत्र काल टाकलं नाही ते बरं झालं. सकाळी मी मुजिओनोंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथं समिती नेमली. तेव्हा आता स्पर्धा आहे. आमच्या गल्लीची, पहिलीच, रविवारी सकाळी नऊ वाजता, बू तुमिनाच्या टपरीमागच्या मोकळ्या जागेत. बांबू रोवून झालेत. आत्तापर्यंत नऊ पिंजऱ्यांची नोंद झाली आहे. त्यांत होले तीन, बाकी बुलबुल, एक लावा, आणि बू तुमिनाचा पोपट, जो गात नाही, शिव्या देतो. परीक्षक मुजिओनो. त्यांना पक्ष्यांतलं काही कळत नाही, पण त्यांनी पाटी रंगवायला दिली आहे आणि मंडप ठरवलाय, म्हणजे आता स्पर्धा मागे फिरायची नाही. दहाव्या पिंजऱ्यापुढे मी तुमचं नाव घातलंय.

विदुरीला यातलं काहीच माहीत नाही. तिला वाटतंय, गल्लीला नवीन खूळ लागलंय. कॅमेरावाल्यांना या म्हणून मी परस्पर सांगितलंय, पण त्या वेळी कॅमेरा आमच्या घराकडे वळणार नाही, त्याची जबाबदारी माझी. तुम्हाला माफी मागायची नाही, तिलाही मागायची नाही, जमीन कार्यालयाचा विषय कोणी काढणार नाही. ओसरीवर बसायला खुर्ची आहे, गुडघा वाकवावा लागणार नाही. पिंजऱ्यावर कापड घाला, सोलोच्या पुढे घाटात गार वारा असतो.

मास, रविवारी पहाटेच्या बसनं राडेनला घेऊन निघा आणि नऊच्या आत आमच्या दारात या.